कोपऱ्यातल्या केबिनची झडप

भिंतीतली झडप सरकली आणि एक बशी परत आली.

बशीवरचा स्टेक जसाच्या तसा होता. कडेला सुरीची एक रेघ, बस. बशीमागं एक हात. मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ, नखं अगदी मुळापर्यंत कापलेली. आणि हातामागून आवाज आला, "भैया, ये कच्चा है." मग जरा थांबून, स्वतःशीच, हळू... "मेला अजून चरतोय."

निखाऱ्यांपुढं उभ्या असलेल्या हनीफचा चिमटा हवेतच राहिला. सौदीतल्या जुबैलच्या त्या स्वयंपाकघरात तो अरबी ऐकायचा, इंग्रजी ऐकायचा, मल्याळी शिव्या ऐकायचा. दर्याकडची मराठी मात्र फक्त माझ्या तोंडून, आणि माझ्या तोंडून ती ऐकायला कुणालाच फारसं आवडत नाही.

"चरत नाय तो," हनीफ झडपेकडे वाकून म्हणाला. "विश्रांती घेतोय."

बशीवरचा हात तिथंच थांबला. मग...

"कुठले वो तुम्ही?"

"हर्णै. तुम्ही?"

"श्रीवर्धन." आणि लगेच पुढं, "म्हणून काय कच्चा खायचा?"

अशी सुरुवात झाली, म्हणजे दोन गोष्टींची. एक त्यांची, आणि दुसरी नखला स्टेक हाउसची.

आज नखलाच्या शाखा दम्मामला आहेत, हुफूफला आहेत, रियाधमध्ये तर एकाच रस्त्यावर समोरासमोर दोन आहेत. त्यांच्या जाहिरातीत म्हणतात की संस्थापक अबू सालेह यांना धंद्याची दूरदृष्टी होती. अबू सालेह भला माणूस, हुफूफचा खजुराचा व्यापारी. पण दूरचं सोडा, चष्म्याशिवाय त्याला खजूर आणि झुरळ वेगळं दिसायचं नाही. खरा इतिहास मला विचारा. मी ताजुद्दीन, मुरुडचा. जुबैलच्या पहिल्या नखलातला हेड वेटर. हेड अशासाठी की दुसरा वेटरच नव्हता. नखलाच्या प्रत्येक शाखेत स्वयंपाकघर आणि कोपऱ्यातली केबिन यांच्यामध्ये एक हातभर झडप असते. आता तिचा काही उपयोग नाही. नकाशा काढणारे इंजिनीअर विचारतात, ही कशाला? मालक म्हणतो, असू दे. तर ती ही झडप.

तिकडच्या हॉटेलांची रीत तेव्हा अशी होती. दारं दोन. एकातून एकटे पुरुष, दुसऱ्यातून कुटुंबं. कुटुंबांच्या बाजूला केबिनी, केबिनींना पडदे. त्या दारावर मी उभा. कुणी पुरुष आत जायला लागला की मी विचारायचो, "आत कोण आहे तुमचं?" बायको, बहीण, आई, काय ते सांगायचं आणि जायचं. नियम म्हणजे नियम. एकदा स्टेकच्या वासानं वाळवंटातून एक उंटीण आली, तिलासुद्धा मी फॅमिलीचंच दार दाखवलं होतं. कोपऱ्यातल्या केबिनीला झडप ठेवली होती ती याचसाठी. बशी आतूनच सरकवायची, पडद्याआड वेटर जायला नको. झडप इतकी खाली की दोन्हीकडून फक्त हात दिसायचे.

आणि त्या केबिनीत सहा खुर्च्या होत्या. इस्मत एका खुर्चीवर बसायची.

ती हॉस्पिटलात नर्स होती. दर गुरुवारी संध्याकाळी हॉस्पिटलची बस नर्सांना बाजारात सोडायची. बाकीच्या जणी सोन्याच्या दुकानांच्या काचांना नाक लावून उभ्या राहायच्या. ही सरळ आमच्याकडे. एकटी बाई म्हणून मी पहिल्यांदा जरा कुरकुरलो. ती म्हणाली, "चाचा, सोनं बघून माझं पोट भरत नाही." मला चाचा म्हणणाऱ्या माणसाला मी आजवर दारातून परत पाठवलेलं नाही.

ती आली की थोड्याच वेळात मगरिबची, म्हणजे सांजेची, अजान व्हायची. अजान झाली की शटर खाली. आतलं गिऱ्हाईक आत, बाहेरचं बाहेर. मी मशिदीत जायचो. हनीफला निखारे सोडून जाता येत नसे, त्याची नमाज मी आल्यावर. म्हणजे तेवढा वेळ बंद दुकानात भिंतीच्या अलीकडे तो एकटा, पलीकडे ती एकटी, आणि मध्ये झडप. मी नमाजात मुद्दाम शेवटच्या रांगेत उभा राहायचो, परत यायला सोपं. अल्लानं कान दिलेत ते काय फक्त चष्म्याच्या दांड्या अडकवायला?

"आधी कुठं होता?" तिनं एकदा विचारलं.

"बापाच्या होडीवर. मासे तळायचो. इथला जुना कूक कुवेतमध्ये इराकी फौजा घुसल्याची बातमी ऐकून पळाला, तेव्हा मालकानं विचारलं, मांस भाजता येतं? मी म्हटलं, येतं."

"येत होतं?"

"नाही."

ती हसली. मग म्हणाली, "मग कळतं कसं, शिजलं की नाही ते?"

"हात दाखवा."

मग हात झडपेत आला, तळवा वर.

"अंगठा आणि पहिलं बोट जुळवा. आता अंगठ्याखालचा मऊ भाग दाबून बघा... तसं मांस लागलं तर कच्चं. गोरे तसंच मागतात. मधलं बोट जुळवलं की जरा घट्ट. आणि अंगठा करंगळीला लावला की..."

"की?"

"पूर्ण शिजलेलं. श्रीवर्धनचं."

त्यानं तिच्या हाताला बोट लावलं नाही हो. मी शपथेवर सांगतो, आणि माझ्या शपथेवर विश्वास नसेल तर त्याच्या भित्रेपणावर ठेवा. पण त्या दिवसापासून तिनं तोंडानं कधी ऑर्डर दिली नाही. झडप सरकायची, हात यायचा, अंगठा करंगळीला टेकलेला. हनीफच्या कानाच्या पाळ्या निखाऱ्यांमुळं लाल व्हायच्या, असं तो म्हणायचा.

चेहरा त्यानं तिचा पाहिला नव्हता. ती दुसऱ्या दारानं यायची, दुसऱ्या दारानं जायची. मी पाहिला होता. पण मला विचारायचं त्याला धाडस होत नव्हतं, आणि न विचारता सांगण्याची मला सवय नाही... बरं, आहे, पण ते सांगितलं नाही.

जानेवारीत लढाई सुरू झाली. काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या आल्या. भोंगा वाजला की सगळे आत. लोक सामान बांधून जेद्दाकडे निघाले, आणि रस्ता असा रिकामा झाला की आमच्या पाटीवरचा दिवा वाऱ्यानं करकरला तरी ऐकू यायचा. हॉस्पिटलनं प्रत्येक नर्सला एक गॅस मास्क दिला. आम्हाला अबू सालेहनं एकेक पंचा दिला, भिजवून नाकाला बांधायला.

मग एका बुधवारी तो म्हणाला, "हनीफ, खलास. जुमे को बंद. मैं हुफूफ जाता, तू भी चल. उधर खजूर है, रॉकेट नहीं."

रात्रभर हनीफच्या खाटेची करकर ऐकू येत होती. दुकान बंद म्हणजे झडप बंद. हॉस्पिटलच्या आवारात पुरुषाला जाता येत नव्हतं. त्याच्याकडे तिचा पत्ता नव्हता, चेहराही नव्हता. होता तो एक हात, तोही गुरुवारचा.

गुरुवारी ती आली. गिऱ्हाईक दुसरं नव्हतंच. हनीफनं तीनदा घसा साफ केला आणि तीनदा विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?"

तेवढ्यात भोंगा झाला.

मी एकट्यांच्या बाजूला टेबलाखाली गेलो. प्लायवूडची भिंत, पलीकडचं सगळं ऐकू येत होतं. झडप जोरात सरकली.

"घाला हे," इस्मत म्हणाली.

"मास्क? आणि तुम्ही?"

"आमच्याकडे पुष्कळ आहेत."

"इथं, आत आहे का दुसरा?"

मास्क लाकडावरून आणखी पुढं सरकल्याचा आवाज आला.

"इस्मत... दुसरा आहे का?"

"घाला हो. वाद नको आता."

टेबलाखालून माणसांचे फक्त पाय दिसतात. मी हनीफचे पाय पाहिले. स्वयंपाकघरातून बाहेर आले, माझ्या नाकासमोरून गेले, आणि कधीच वळले नव्हते त्या बाजूला वळले. पडद्याच्या कड्या खणखणल्या.

ओढणी ओली करून तिनं नाकातोंडाला बांधली होती. नंतर मी त्याला विचारलं, कशी दिसली रे? म्हणाला, डोळे होते. मी म्हटलं, ते सगळ्यांनाच असतात.

"इकडे कशाला आलात?"

"हा तुमचा तुम्ही घाला आधी."

"मी दिलाय तुम्हाला."

"दिलेलं परत करायची पद्धत तुम्हीच पाडलीत. पहिल्याच दिवशी."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो बसला. मास्क टेबलावर राहिला, दोघांच्या मध्ये. कुणीच घातला नाही. दूर कुठंतरी धडाम झालं आणि कपाटातल्या बशा किणकिणल्या. सकाळी कळलं की ते समुद्रात पडलं. त्यानंतर आठवडाभर धक्क्यावर हमूर मासा शिजूनच वर येत होता. खायला मी होतो.

"इकडे फॅमिली बसते," बऱ्याच वेळानं ती म्हणाली. "माहीत आहे ना?"

"माहीत आहे." मग एक लांब श्वास. "म्हणूनच आलो."

तो बोलत राहिला, भित्रा माणूस एकदा बोलू लागला की त्याला थांबता येत नाही. "उद्यापासून दुकान बंद. मालक मला हुफूफला नेतोय. मला वाटलं, त्याआधी एकदा या बाजूनं बघावं..."

"काय बघितलं?"

"सहा खुर्च्या आहेत. एका माणसाला फार आहेत हो."

धोका टळल्याचा भोंगा झाला. बाहेर बसनं हॉर्न दिला, पुन्हा दिला. ती उठली. मास्क त्यानं तिच्या हातात दिला, आणि या वेळी तिनं तो परत केला नाही. पडद्याशी थांबली.

"अब्बा घरी बोलवतायत. मी नाही म्हणून कळवलंय, वॉर्ड भरलाय." मग ओढणीआडून, "दुकान उघडं ठेवा."

"ते काय माझं आहे?"

"ठेवा म्हणते ना."

त्यानं ठेवलं. अबू सालेह त्याला मजनून, म्हणजे वेडा, म्हणाला, चाव्या अंगावर टाकल्या आणि खजुरांकडे पळाला. मी राहिलो, कारण मला पळताना दम लागतो. आणि जुबैलमधली बाकीची हॉटेलं बंद असल्यामुळं जे कोणी गावात उरलं होतं ते आमच्या दारात आलं. प्लँटवरचे शिफ्टवाले, आग विझवणारे, शिपाई. टेक्सासचा एक सार्जंट पहिला घास घेऊन रडला आणि म्हणाला, माझ्या आईला हे येत नाही. रणगाडा दारात उभा करून त्याच्यावर बसून जेवलेले लोक मी पाहिलेत. नखलाचं नाव झालं ते असं. दूरदृष्टी कसली, एका बाईनं उघडं ठेवायला सांगितलं होतं.

बस मात्र पुढच्या गुरुवारी आली नाही. हॉस्पिटलनं नर्सांचं बाहेर पडणंच बंद केलं होतं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही नाही.

हनीफ दर गुरुवारी कोपऱ्यातली केबिन पुसायचा. सहाही खुर्च्या पुसायचा. एक स्टेक पूर्ण शिजवायचा, झडपेत ठेवायचा आणि निखाऱ्यांकडे तोंड करून उभा राहायचा. समोर गर्दी, आरडाओरडा, बशांचा खणखणाट, आणि त्याचे कान त्या एका लाकडी फळीकडे. मगरिबला शटर पडलं की दुकान इतकं गप्प व्हायचं की निखारा फुटला तरी तो दचकायचा. तो गार झालेला स्टेक मी खायचो. प्रेमात कुणाचं तरी भलं होतंच.

एकदा त्यानं हॉस्पिटलला फोन केला. पलीकडून विचारलं, "आपण त्यांचे कोण?"

तो रिसीव्हर धरून उभा राहिला. मग हळूच ठेवून दिला. त्या दिवशी त्यानं मीठ दोनदा घातलं आणि कुणी तक्रार केली तर ऐकलं नाही.

लढाई संपली. कुवेतच्या विहिरी जळत होत्या, त्यांचा धूर आमच्यापर्यंत आला. दुपारीच दिवे लावायला लागायचे. मार्चमधल्या एका संध्याकाळी पाऊस पडला, तोही काजळीचा. माझा पांढरा कोट दारात उभ्या उभ्या चित्त्यासारखा झाला. त्या गडबडीत कुटुंबाच्या दारातून कोण आत गेलं ते मी पाहिलं नाही... असं मी हनीफला नंतर सांगितलं.

झडप सरकली.

आधी बाही दिसली, पांढरी, तिच्यावर काळे थेंब. मग हात. काही न बोलता अंगठा करंगळीला टेकला.

हनीफनं चिमटा ठेवला. ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. मग तो स्वयंपाकघरातून बाहेर आला आणि त्या दाराकडे वळला. आणि दारात मी.

"आत कोण आहे तुमचं?" मी विचारलं.

"ताजूभाई, बाजूला व्हा."

"नियम आहे. आत कोण आहे तुमचं?"

त्यानं तोंड उघडलं. ज्या माणसानं रॉकेटखाली तेवढं बोलून दाखवलं होतं, त्याला आता एक नातं सांगता येईना. मला वाटलं, आता हा पुन्हा वळून जातोय, फोन ठेवला होता तसा.

पडद्याआडून आवाज आला. दमलेला, वॉर्डातली जागरणं अंगावर असलेला.

"चाचा, त्यांना काय विचारता? मला विचारा."

"बरं, तुला विचारतो. हे कोण तुझे?"

बाहेर पाऊस पाटीवर टपटपत होता. ती लगेच बोलली नाही. नर्स आहे, काही देण्याआधी दोनदा तपासते.

"घरचे आहेत," इस्मत म्हणाली. "सोडा आत."

मी बाजूला झालो. पडदा सरकला, पुन्हा सरकला. मी पाणी द्यायला गेलो नाही, मलाही थोडी लाज आहे. निखाऱ्यावर राहिलेल्या स्टेकची आठवण धूर डोळ्यांत गेल्यावर झाली. पार कोळसा झाला होता. मी तो तसाच बशीत घालून झडपेतून आत सरकवला.

तिचं म्हणणं पडलं, आज कुठं नीट शिजलाय.