उजवीकडच्या हृदयाचा शोध

मानवजातीच्या इतिहासात मिरजेचं नाव सुवर्णाक्षरांनी लिहिलं जाणार, हे त्या शनिवारी नक्की झालं. माझ्या शाल्मली आत्याने उजवीकडे हृदय असलेला रुग्ण शोधून काढला होता. हा शोध चहा येईपर्यंत टिकला.

सुखाचे दिवस होते ते. साल २०५८. तेव्हाचे रोबोट मोकळेपणाने कुरकुर करत. आताचे मेले नुसते 'आभारी आहे' म्हणतात. आत्या वैद्यकीय तंत्रज्ञ व्हायला शिकत होती. कॉलेजात सरावासाठी आप्पासाहेब नावाचा रबरी कातडीचा रोबोट-रुग्ण होता. रोज त्याच्यात नवा आजार भरत. परीक्षेत पास होणारा सोमवारी खऱ्या वॉर्डात जाई. नापास होणारा आणखी सहा महिने आप्पासाहेबांची बोलणी खाई. आत्याची ती एकदा खाऊन झाली होती.

परीक्षेला एक नातेवाईक लागे, कारण तपासणी त्याला समजेल अशी सांगायची असे. आत्याची नातेवाईक मी, इयत्ता पाचवी.

"आप्पासाहेब, ईसीजी (हृदयातल्या विजेचा आलेख) काढायचाय. हलू नका."

"हलत नाही. पण चकत्या गार आहेत. मागच्या बॅचची मुलं आधी तळहातावर चोळायची हो!"

आलेख बाहेर आला. पहिल्याच ओळीतल्या लाटा वर जायच्या त्या खाली गेलेल्या. आत्याचे डोळे लकाकले. "मॅडम, यांचं हृदय उजवीकडे आहे!"

"अरे वा," परीक्षा घेणाऱ्या घोरपडे मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चहा सांगितला. "आता नातेवाइकाला समजवा."

आत्या माझ्याकडे वळली. "हे बघ मुक्ता, प्रत्येक ठोक्याआधी हृदयात विजेची बारीकशी लाट उठते. ती इलेक्ट्रोड (कातडीवरून वीज टिपणारी चकती) पकडतो. एक उजव्या हाताला, एक डाव्या. लाट साधारण उजवीकडून डावीकडे जाते. समज, एसटी मिरजेहून सांगलीला निघाली. मिरजेचा माणूस म्हणेल 'गेली', सांगलीचा म्हणेल 'आली'. डावा हात म्हणजे आपली सांगली. तिकडे लाट आली की यंत्र रेघ वर काढतं."

"मग इथे खाली का?"

"गाडी उलटी धावतेय! हृदयच दुसऱ्या बाजूला."

"पण मधे विश्रामबागेच्या थांब्यावर माणसं उभी असतील ना? त्यांना विचार की, गाडी कुठे चाललीय."

आत्या पुन्हा आलेखाकडे वळली. मधल्या थांब्यांसारख्या छातीवरही सहा चकत्या होत्या. तिने त्यांच्या ओळी पाहिल्या. डावीकडे जावं तशा लाटा उंच होत होत्या, अगदी शहाण्यासारख्या. हृदय उजवीकडे असतं, तर त्या बुटक्या होत गेल्या असत्या.

"गाडी सरळच आहे," ती पुटपुटली. "मी तारा उलट्या लावल्यात." उजव्या हाताची लाल तार डाव्या हाताला होती. "मी यांच्यासमोर उभी होते. माझा उजवा तो यांचा डावा!"

"म्हणजे मी सुलटा आहे?" आप्पासाहेब म्हणाले. "केवढा घाबरलो होतो!"

आत्याने तारा बदलल्या. लाटा वर आल्या, आणि चहाही आला.

"चूक सगळ्यांचीच होते," मॅडम म्हणाल्या. "यंत्र ती इमानाने छापतं. ओळखायला माणूस लागतो, म्हणून तर आपलं कॉलेज चालतं. सोमवारी वॉर्डात या."

सोमवारी शाळा बुडवून मीही गेले. आत्याचा पहिला खरा रुग्ण म्हणजे एक म्हातारीशी आजी. आत्याने आधी आजींचा उजवा हात हातात घेतला, मग लाल तार. आनंदाने तिने आजींना सगळंच सांगितलं: ती लाट, ती एसटी, आणि पुढे एक दिवस तारा जातील, घरी बसल्या बसल्या अंगातला सदराच ईसीजी काढेल, फक्त सदरा उलटा घातलाय का, हे बघायला कुणीतरी लागेलच.

आजींनी सगळं मन लावून ऐकलं.

"छान सांगितलंस हो, बाळा," त्या म्हणाल्या. "आता कॉटखालची माझी चप्पल तेवढी पुढे सरकव."