साडेअठरा

बोरीच्या उपकेंद्रात चहाची साखर पोहोचवायला आलेला किराणावाला नागनाथ सरळ वजनकाट्यावरच चढला.

"बघू तरी, तुमचा काटा खरा का माझा…"

"आधी चपला काढा, शेठ!" नर्स राजेश्री करवादली.

साडेपन्नास किलो. तिनं उंची मोजली, एक मीटर सत्तर. बीएमआय काढायला वजनाला उंचीनं दोनदा भागलं. "साडेसतरा. निदान साडेअठरा पाहिजे. स्वतःच्या दुकानातलं खात न्हाई का काही?"

पुढच्या मंगळवारी स्वारी पुन्हा काट्यावर. मग दर मंगळवारी. साखर कधीच संपलेली नसायची.

"साडेअठरा झालो तर — काय देताल?"

"तर… तुमी डोळ्यांनी जे इचारायलाव ना, त्याला हो म्हणते."

आकडा चढू लागला. गाल मात्र बसत चालले होते, खोकला हटत नव्हता. "थंडीचा हाय," म्हणत तो जर्किनची चेन ओढून घ्यायचा. राजेश्रीला दिसत होतं सगळं. पण काटा तिच्या मनासारखं बोलत होता, आणि तिला तेवढंच ऐकायचं होतं.

अडीच महिन्यांनी साडेत्रेपन्न किलो भरलं. साडेअठरा! ती लाजून लाल झाली. तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली, तो वाकला — आणि जर्किनच्या खिशातून दोन किलोचं लोखंडी वजन धाडकन फरशीवर पडलं. मग दुसरं. मग किलोचं एक.

"हे… काय?"

"आकडा वाढला की तुमी लय गोड हसताव, सिस्टर. उतरलेलं तोंड बघवत न्हाई मला."

खरं वजन साडेअठ्ठेचाळीस होतं. दर मंगळवारी तिनं चपला काढायला लावल्या होत्या, जर्किन एकदाही नाही.

परभणीला नेलं. छातीतलं दुखणं फार पसरलं होतं. "दोन महिने आधी आणायचं होतं," डॉक्टर म्हणाले. ते वाक्य ती झोपेतही ऐकायची.

औषधं लागू पडेनात. एका मंगळवारी वॉर्डातल्या काट्यावर दोघांनी धरून त्याला उभं केलं. त्रेचाळीस किलो. राजेश्रीनं मनातच भागलं. पंधरासुद्धा नाही.

"किती… झाला?" खाटेवर टेकत त्यानं विचारलं.

तिनं त्याचा हात हातात घेतला आणि हसली, त्याला आवडायचं तसं.

"साडेअठरा."

"मग… हो?"

"हो," ती म्हणाली. "कधीचंच."