मिक्सरवरची निळी छत्री

ती छत्री खरं तर तेजूसाठी आणलेली. चार वर्षांच्या लेकीला ऊन सोसत नाही, म्हणून अंबाजोगाईहून चकलांब्याला मामेभावाच्या लग्नाला निघताना ईश्वरीने पिशवीत दोन टोप्या, पाण्याच्या तीन बाटल्या आणि ही झालरीची निळी छत्री कोंबली होती. आणि आता, हळदीच्या भर दुपारी, तीच छत्री ती एका अनोळखी माणसाच्या यंत्रावर धरून उभी होती!

झालं होतं असं – मांडवासमोर डीजेचा टेम्पो लागला आणि पहिल्याच ठोक्याला तेजूने दोन्ही कान गच्च दाबून आईच्या पदरात डोकं खुपसलं. ईश्वरी तडक टेम्पोपाशी गेली.

"आवाज कमी करायचं बटण आहे का यात?"

डीजेवाल्याने वर पाहिलं. सावळा, दाढी कोरलेला, डोळ्यांत मिश्किली. आवाज मात्र त्याने लगेच उतरवला.

"मॅडम, ह्यात काय न्हाई ते विचारा! चार गाणी एका टायमाला चालतेत. दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळतोय. आवाज घुमवा, उलटा फिरवा, रेकॉर्ड करा... पाटोद्यात असलं मिक्सर एकट्या राजेश्वरकडं हाय."

"मग राजेश्वर डोळे बारीक करून काय शोधतायत?"

तो ओशाळला. "उन्हात ह्याचा पडदाच दिसत न्हाई... आन् लई तापलं की गपकन बंद. पुन्हा चालू व्हायला चाळीस सेकंद लागतेत. तवर समदं गाव मला शिव्या घालतंय."

"एवढी बटणं दिली, आणि आपल्याकडच्या उन्हाचा विचारच केला नाही कुणी?"

बोलता बोलता छत्री कधी उघडली गेली, तिचं तिलाच कळलं नाही. मिक्सरवर निळी सावली पडली. पडदा उजळला... आणि त्याचा चेहराही.

"हे हिरवं दाबलं की गाणं सुरू. दाबा की, मॅडम."

"मॅडम कशाला? सगळे ताई म्हणतात मला."

"सगळे म्हणू द्या," तो बटणांकडे बघत म्हणाला. "मी न्हाई म्हणणार."

तिने हिरवं बटण दाबलं. कानाच्या पाळ्या उगीचच तापल्या. ऊनच तसलं होतं!

त्या संध्याकाळी टेम्पोच्या आडोशाला चहा पिताना गुंडप्पामामाने विषय काढला. ईश्वरीचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. लातूरचं स्थळ आलं होतं. "माणूस बँकेत हाय, घर चांगलं हाय. फक्त... तेजूला तुझ्या आईकडं ठेवावं म्हणतेत. उद्या लग्नाला येणारेत. नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीला जाऊन माघारी येईस्तोवर सांग."

मांडीवर झोपलेल्या तेजूच्या कपाळावरची बट ईश्वरीने मागे सारली, मग पुन्हा मागे सारली.

दुसऱ्या दिवशी नवरदेव घोड्यावर बसला आणि परण्या निघाला. पुढे नाचणारी पोरं, मध्ये टेम्पो. राजेश्वरने नुसतं आभाळाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ईश्वरी हसली आणि लेकीला कडेवर घेऊन टेम्पोच्या मागच्या फाळक्यापाशी छत्री धरून चालू लागली. तेजूचे हात मात्र कानांवरून निघेनात.

राजेश्वरने ते पाहिलं. कानावरचा हेडफोन काढला, त्याची तार उपटली आणि वाकून तो तेजूच्या कानांवर बसवला. मोठा होता, घसरायला लागला. मग खिशातली दस्ती काढून त्याने हनुवटीखाली हलकी गाठ मारली.

"लागत नाही ना गं? घट्ट नाही ना?" ईश्वरीने बोट घालून पाहिलं.

"भिऊ नका. आत काहीच वाजत न्हाई. नुसती शांतता हाय."

तेजूने हळूच हात काढले. डोळे मोठे केले. मग खाली उतरून, आईचा पदर धरून नाचायलाच लागली!

पण त्यानंतर गाण्यांचं काहीतरी बिनसलं. एक संपायच्या आत दुसरं मध्येच घुसे, एखादं कडव्याच्या अर्ध्यातूनच उठे. पोरं ओरडली, "काय बे राजा, झोपला का?"

"ठेका आपोआप जुळतो ना?" ईश्वरीने विचारलं.

"ठेका जुळतोय. पण पुढचं गाणं कुठून उचलायचं, ते आदी आपल्या कानात ऐकावं लागतंय..."

कानात. ईश्वरीची नजर तेजूच्या डोक्याकडे गेली.

"अहो, मग घ्या ना तो परत!"

"ऱ्हाऊ द्या. शिव्यांची सवय हाय मला." तो तेजूकडे बघत होता. "पोरीचे हात मोकळे झालेत... बघा तर."

ईश्वरी बघत राहिली. तेजूकडे, मग त्याच्याकडे... आणि हातातली छत्री कलली. मिक्सरवर लख्ख ऊन पडलं. मारुतीचं देऊळ दहा पावलांवर असताना सगळं गपकन बंद!

"चाळीस सेकंद हायत, मॅडम," राजेश्वर घाईने म्हणाला. "पुन्हा धीर व्हायचा न्हाई. काल टेम्पोमागं मामाचं बोलणं आयकलं मी. माझ्या घरात आई हाय, दोन खोल्या हायत. आन्... मला तुमी दोघी पायजे. एकट्या तुमी नको."

एकट्या तुमी नको. तीन वर्षांत कुणी, कुणीच तिला असं म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात घाम पुसत गुंडप्पामामा आला. "कावून बंद पडलं रे? आन् ईश्वरे, ते लोक मांडवात येऊन बसलेत. काय सांगू त्यान्ला?"

"नाही म्हणून सांगा, मामा." ईश्वरीने एका दमात सांगून टाकलं. "आणि आईला विचारा... पाटोद्याला ह्यांच्या आईंना भेटायला कधी जायचं."

मामाने तिच्याकडे पाहिलं, राजेश्वरकडे पाहिलं. मग त्याची नजर हेडफोन लावून एकटीच गिरक्या घेणाऱ्या तेजूवर स्थिरावली.

"हां... म्हणून मघापासून गाणी एकमेकाला धडकायलेत व्हय!"

पडदा उजळला होता. पोरं आरडाओरडा करत होती. राजेश्वर मात्र पुतळ्यासारखा उभा होता.

ईश्वरीने छत्री सरळ केली, दुसरा हात त्याच्यासमोरून पुढे नेला, आणि हिरवं बटण दाबलं.