रिकाम्या ओळीची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. खोटीच सांगायची असती, तर मी त्यात स्वतःला जरा तरी बरं दाखवलं असतं.

आणि ही रात्रीची नाही. गुरुवारी सकाळी अकराची आहे, साठ माणसांनी भरलेल्या हॉलमधली.

तमिळनाडूत थेनीजवळच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी कॉम्प्युटरवर होते. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. आमची गावोगावी शिबिरं व्हायची. मोतीबिंदूची माणसं आणायची, ऑपरेशन करून घरी सोडायची. पुढच्या गुरुवारी तपासणीसाठी त्यांना आणायला दवाखान्याची गाडी जायची. गाडी कुठे थांबणार, कुणाला घेणार, हे माझ्या यादीवर ठरायचं.

प्रत्येक गावाची फाइल वेगळी यायची. मी सगळ्या एका शीटमध्ये ओढून घ्यायची. ओढल्या की मध्ये मध्ये रिकाम्या ओळी दिसायच्या. दहा इथे, वीस तिथे.

माझ्या शेजारी कनगराज अण्णा बसायचे, निवृत्तीला टेकलेले. ते एकेक रिकामी ओळ उजवीकडे टोकापर्यंत सरकवून बघायचे, मगच काढायचे.

"अण्णा, पोंगलपर्यंत होईल ना?" मी चिडवायची.

"होईल तेव्हा होईल. तुझं काय विमान सुटतंय?"

माझी युक्ती सोपी होती. पहिल्या रकान्यात नाव नसेल त्या सगळ्या ओळी एकदम निवडायच्या आणि अख्ख्या उडवायच्या. पाच सेकंदांचं काम. मॅनेजरांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती.

करट्टुपट्टी गावाची फाइल इरुळप्पनने भरली होती. सायकल दुरुस्त करणारा साधा माणूस, शिबिराला फुकट राबायचा. त्याने पहिला रकाना मोकळा सोडला होता आणि नावं दुसऱ्यात लिहिली होती.

नऊ नावं.

पाच सेकंदांत गेली.

गाडी आली नाही, म्हणून आठ जणांना घरच्यांनी बसने आणलं. नववी ओच्चम्माळ. सत्तरीची म्हातारी. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन. मुलगी विरुमायी डोंगरापलीकडे वेलदोड्याच्या मळ्यात कामाला, महिन्याने घरी यायची. म्हातारी काळा चष्मा लावून दूध डेअरीसमोर दिवसभर गाडीची वाट बघत बसली.

त्याच्या पुढच्या गुरुवारीही बसली.

तोवर डोळ्यात पू होऊन दिसायचं बंद झालं होतं. महिना भरायच्या आत ती दगडखाणीच्या खड्ड्यात पडून गेली.

मॅनेजरांनी मला बोलावलं. "पूंगोडी, ही नावं यादीत का नव्हती?"

इरुळप्पन समोरच उभा होता. हातात टोपी.

मी म्हणाले, "सर, फाइलच तशी आली होती. नावंच नव्हती त्यात."

"मी लिहिली होती हो..." तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "की नव्हती लिहिली? मला कॉम्प्युटरचं नीट कळत नाही, साहेब."

त्याचं ओळखपत्र काढून घेतलं. तो जाताना मी स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर काहीच नव्हतं.

पुढच्या गुरुवारी जेसिंता अक्का हॉलमध्ये हजेरी घ्यायला उभी राहिली. ती आमची जुनी नर्स, आवाज खणखणीत. एकेचाळीस नावं वाचली आणि थांबली.

"काय गं पूंगोडी, शाई संपली की माणसं संपली? मध्येच ओळ कोरी सोडलीस!"

लोक हसले. मीही हसले.

आणि मागच्या रांगेतून आवाज आला...

"आहे गं."

म्हातारा, घोगरा आवाज. सगळ्यांनी वळून पाहिलं.

शेवटची खुर्ची रिकामी होती.

तिच्या शेजारी डोळ्याला पट्टी लावलेले एक आजोबा बसले होते. ते म्हणाले, "अरे, आत्ता तर होती इथे. मला सरकून जागा दिली तिने. हात केवढा गार!"

मी धावत जाऊन शीट उघडली. एकेचाळीसच्या खाली बेचाळीस. मध्ये काहीच नाही. नावांचा रकाना निवडला. नावं बासष्ट होती...

खाली कॉम्प्युटरची मोजणी त्रेसष्ट दाखवत होती.

मी पुन्हा पुन्हा मोजली. मग अख्खी यादी नव्याने टाइप केली, एकेक नाव हाताने. मोजणी जुळली.

पुढच्या गुरुवारी छापलेल्या कागदावर तीच कोरी ओळ. जेसिंता अक्का या वेळी हसली नाही. तिने नुसता श्वास घेतला...

"आहे गं."

तिसऱ्या गुरुवारी मी म्हणाले, "अक्का, आज मी वाचते." ठरवलं होतं, त्या ओळीवर थांबायचंच नाही. एकेचाळीस आणि बेचाळीस एका दमात वाचली. कुणीच काही बोललं नाही. बरं वाटलं. यादी संपवली, कागद टेबलावर ठेवला...

अगदी कानाशी कुणीतरी म्हणालं,

"मी राहिले."

हॉलमध्ये कुणाचीच मान वळली नाही. फक्त कनगराज अण्णांनी लिहिता हात थांबवला.

दुपारी डबा खाताना ते हळूच म्हणाले, "करट्टुपट्टीची मूळ फाइल मीपण उघडली होती, पूंगोडी."

मी घास खाली ठेवला. "मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तू सांगशील म्हणून थांबलो."

एवढंच बोलले. ताकभात संपवला, डबा धुतला आणि आपल्या जागी जाऊन बसले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

मॅनेजरांकडे जायचा धीर झाला नाही. रविवारी करट्टुपट्टीची बस धरली. वाटभर घोकत होते, चूक माझी, इरुळप्पनची नाही. एवढंच बोलायचं.

विरुमायी अक्का आता घरीच होती. मी दवाखान्यातून आले म्हटल्यावर तिने ओटीवर चटई टाकली, पेलाभर ताक दिलं.

"एवढ्या उन्हात आलीस, पोरी. आधी पी."

मी दोन घोट घेतले.

तीच बोलायला लागली. "आई कुणावर रागावली नव्हती. शेजारणीला म्हणायची, गाडीवाल्यांना माझं नाव ऐकू जात नसेल. मीच मोठ्यांदा सांगायला हवं."



"लोक म्हणतात, इरुळप्पनने तिचं नाव लिहिलंच नाही. तो इथे येऊन रडून गेला. मला तर काही कळत नाही." तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "तू तिथलीच ना? तूच सांग. तुझ्याकडे आलेल्या यादीत आईचं नाव होतं का?"

हीच वेळ होती. एवढ्यासाठीच मी आले होते.

मी म्हणाले, "नव्हतं, अक्का."

आतल्या अंधाऱ्या खोलीतून... अगदी शांतपणे...

"होतं गं."

विरुमायीने मागे वळून पाहिलं. घरात आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं. मग तिने माझ्याकडे बघितलं.

माझ्या हातातला पेला तिने काढून घेतला. अर्धा भरलेला होता.

"साडेतीनची बस चुकेल तुझी," ती म्हणाली.

मी उठले. चपला घातल्या. वळून बघायची हिंमत झाली नाही.

नंतर मी ती नोकरी सोडली. ओळ अजून येते का, कुणाला विचारलं नाही. इरुळप्पन तिरुप्पूरला एका गिरणीत रात्रपाळी करतो असं ऐकलं. त्याचा नंबर मिळवलाय. दोनदा लावला. दोन्ही वेळा त्याने उचलला आणि विचारलं, "कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं नाही.