मधला एक चौरस सेंटीमीटर

प्रारणमापन केंद्राच्या भिंतीवरचा तापमापक दुपारी तीन वाजता त्रेपन्न अंश दाखवत होता. ते बाहेरचं तापमान. आत, नागपुरातल्या त्या प्रयोगशाळेत, डॉ. मैथिली उकिडवे सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या होत्या आणि त्यांच्यामागे, खुर्चीच्या अगदी कडेवर, धामनटोल्याच्या इंदुबाई पटले. त्या गावात आरोग्यसेविका होत्या.

इंदुबाईंचा नवरा तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला होता. गेल्या महिन्यात मुलगाही त्याच वाटेने गेला. चौतिशीचा, विडी सोडाच, सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा. त्याची मुलगी आता चार महिन्यांची होती आणि तो झोपायचा त्याच खोलीत झोपत होती.

"मले येकच सांगा जी," इंदुबाई म्हणाल्या. "आमच्या घराचा आकडा खरा होता का?"

आकडा मैथिलीबाईंचाच होता, अकरा वर्षांपूर्वीचा. त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्याने धामनटोल्यात एकोणतीस माणसं मारली आणि मग शासनाने तिथं एक्केचाळीस भूशीत घरं बांधून पाहिली. कल्पना साधी होती. जमिनीखाली वीस फुटांवर खडक बारा महिने गार असतो. घराला खिडक्या ठेवायच्या नाहीत. आतली हवा नळ्यांतून त्या खडकाच्या पोकळीत न्यायची आणि गार करून परत आणायची. वीज पंख्यापुरती. लोक जगले. हल्ली तीनशे गावं अशा घरांत राहतात.

"तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली होती," डॉ. हेमराज कटरे म्हणाले. ते केंद्राचे भूवैज्ञानिक, टेबलाशेजारीच उभे होते. पोकळीची जागा त्यांनीच निवडली होती. "इंदुबाई, तो खडक ग्रॅनाइटचा. त्यात किंचित युरेनियम असतं. ते झिजत झिजत रेडॉन नावाचा वायू सोडतं. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो उडून जातो. बंद घरात साचतो. आणि आपण तर घराची हवा त्या खडकातूनच फिरवत होतो. पण मैथिलीचे आकडे आले आणि मी गप्प बसलो."

"चाळीस घरांत सरासरी साठ बेक्वेरेल," मैथिलीबाई म्हणाल्या. "धोका तीनशेच्या पुढे. काळजीचं काहीच नव्हतं."

"आणि एक्केचाळिसावं?" हेमराजांनी विचारलं.

"भागरताबाई बिसेन यांचं. एकोणीसशे. मला वाटलं, मोजणीची पट्टीच सदोष असणार. नवी पाठवली, तिच्यावर पंचावन्न आले. मग पहिला आकडा मी खोडला."

शास्त्रज्ञांना ही खोडच असते. चाळीस जण एक सूर लावतात तेव्हा एक्केचाळिसावा त्यांना बेसूर वाटतो, आणि तो खरं बोलत असेल अशी शंका घेण्याइतका वेळ कोणाच्याच प्रकल्पात नसतो. मैथिलीबाई त्या वेळी तिशीच्या होत्या आणि अहवालाची तारीख डोक्यावर होती.

जुन्या वेधपट्ट्या भांडारात जपून ठेवलेल्या होत्या. वेधपट्टी म्हणजे काड्यापेटीएवढा प्लास्टिकचा पारदर्शक तुकडा. रेडॉन फुटला की अल्फा कण सुटतो आणि पट्टीवर आदळून सूक्ष्म ओरखडा काढतो. पट्टीला क्षारस्नान घातलं की ओरखड्याचा खड्डा होतो. खड्डे मोजायचे, रेडॉन कळतो. ओरखडा एकदा पडला की शंभर वर्षं पुसत नाही. मैथिलीबाईंनी इंदुबाईंच्या घराची पट्टी भिंगाखाली घेतली आणि पुन्हा मोजली.

"साठच," त्या म्हणाल्या. आवाजात सुटका होती, आणि त्या सुटकेची त्यांना लगेच लाज वाटली.

"तू मध्यावरच मोजलंस," हेमराज म्हणाले.

"नियमच आहे तो. मधला एक चौरस सेंटीमीटर. कडा कापताना खराब होतात."

"कडेला बघ तरी."

त्यांनी पट्टी सरकवली. मग बराच वेळ भिंगावरून डोळा काढला नाही. कडेला खड्ड्यांची नुसती गर्दी होती, एकावर एक. मध्याकडे येताच ते एकदम थांबत होते. तिथं एक गोल, जवळजवळ स्वच्छ जागा होती, बोटाच्या पेराएवढी. दुसरी पट्टी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे तोच गोल.

"मध्यावर काहीतरी चिकटलेलं होतं," हेमराज हळूच म्हणाले. "अल्फा कण साध्या कागदाच्या पलीकडे जात नाही. जाडसर लेपही पुरे."

"पण पट्ट्या आल्या तेव्हा लख्ख होत्या." मैथिलीबाई वळल्या. "इंदुबाई, पट्ट्या तुम्हीच वाटल्या होत्या. नेमकं काय काय केलंत?"

"तुमी सांगतलं तसंच, जी. झोपाच्या खोलीत, पाच फुटांवर, तीन महिने हलवाचं नाही. कोणी हलवली नाही."

"आणखी काही?"

"आनखी का राहते? घरात नवी वस्तू आली, बायांनी हळदकुंकवाचं बोट लावलं. तशीच कोणी टांगते का?" इंदुबाई थोड्या हसल्याही. "परत देताना मीनं सगळ्या ओल्या फडक्यानं पुसल्या. सरकारी वस्तू तशी माखलेली कशी द्याची?"

"भागरताबाईंनीही लावलं होतं?"

"ते कशी लावन? रांडमुंड बाई बिचारी. पन दुसरी पट्टी आली तवा लय रडली. म्हने, गावात माझीच पट्टी बिघडली, माझ्या घरात काही चांगलं टिकतच नाही. मंग मीच गेली, आन् माझ्या हातानं लावलं."

हेमराजांनी मान खाली घातली. मैथिलीबाईंना ओरडावंसं वाटलं, आणि ओरडायचं कोणावर, हेही लगेच कळलं. त्यांनी कडेचे खड्डे मोजले. दोन वेळा मोजले.

"तुमच्या घराचा आकडा एकवीसशे आहे," त्या म्हणाल्या. "गावातल्या सगळ्याच घरांचा तेवढाच असणार. चूक तुमची नाही, इंदुबाई. आम्ही कडेला पाहिलंच नाही. भागरताबाईंची पट्टी खरी होती."

इंदुबाई आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या. भोळ्या असल्या तरी त्या मूर्ख नव्हत्या.

"पंखा बंद करू का मंग?"

हेमराज म्हणाले, "पंखा बंद केला तर तासाभरात आत सेहेचाळीस अंश होतील. चार महिन्यांचं मूल दुपार काढणार नाही."

"आन् पोरीले दुसऱ्या गावी नेली तर?"

"तीनशे गावांत हीच घरं आहेत. धामनटोल्याचे आकडे बघूनच बांधली."

"तुमच्या इथं?"

"आमचीही तशीच आहेत," मैथिलीबाई म्हणाल्या. त्यांच्या डोक्यावरच्या जाळीतून गार हवा संथपणे येत होती.

अहवाल नव्याने लिहावा लागणार होता, आणि नव्याने मोजलेला आकडा जोडल्याशिवाय तो कोणी वाचणार नव्हतं. मैथिलीबाईंनी कोरी वेधपट्टी पाकिटात घातली आणि पुढे केली. मध्यावर काही लावू नका, हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं.

इंदुबाईंनी पाकीट पदराखाली घेतलं आणि त्या उठल्या.

"या बारीचा आकडा बरोबर येईन, जी," त्या म्हणाल्या. "मी अशी, सून अशी. कुंकू लावनारं आमच्या घरात आता कोनीच नाही."