क्रीम रंगाचा पट्टा

अठ्ठेचाळीस वर्षांची झाली तरी घरात ती अजून सूनबाईच होती. सासूबाईंना जाऊन वर्ष उलटलं, आणि तिने घराला आतून-बाहेरून चारकोल ग्रे रंग सांगितला. रंगांच्या तक्त्यावर नजर टाकून नवरा म्हणाला, "अगं, घर आहे की कोळशाची वखार?"

"पंचवीस वर्षं तुमच्या आईंच्या क्रीम रंगात काढली ना? उरलेली माझ्या रंगात काढू." विषय संपला.

रंगारी कामाला चोख, पण एक आळस त्याने केलाच. शेवटी-शेवटी सासूबाईंना दिसत नव्हतं; भिंतीला तळवा लावून त्या घरभर फिरत. त्या उंचीवर भिंत तेलकट झाली होती. ती न धुताच याने रंग चढवला. दोन हात झाले, भिंती कशा दृष्ट लागण्यासारख्या दिसू लागल्या. तिसऱ्या दिवशी कमरेच्या उंचीवर, तळव्याएवढा रुंद, क्रीम रंगाचा पट्टा उमटला.

"माझंच चुकलं, ताई. तेलकट जागी रंग धरत नाही." त्याने भिंत सोड्याने धुतली, घासली, प्रायमर मारला, पुन्हा दोन हात दिले. पट्टा पुन्हा आला. स्वयंपाकघरातून निघून, बैठकीची खोली ओलांडून, आता तो मागच्या खोलीतही शिरला होता.

ही खोली सूनबाईची. शिवणयंत्र, कापडाचे गठ्ठे, एक मोठी खिडकी. उभ्या आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी ही पहिलीच. सासूबाई गेल्यावर बांधलेली. तिथल्या भिंतीला क्रीम रंग कधी लागलाच नव्हता.

रंगारी पट्ट्याकडे बघत राहिला. मग डबा, रोलर तिथेच टाकून घरी गेला.

"परत क्रीमच देऊन टाकू," नवरा हळूच म्हणाला. "आईला हे पटलेलं दिसत नाही. ही खोलीही आता बंदच ठेवू."

सूनबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आईंना काय पटतं ते मला तोंडपाठ आहे. तुम्ही बाहेर व्हा बघू."

भर दुपार होती. पट्टा शिवणयंत्रापासून हातभर अंतरावर आला होता. तिने उजवा तळवा डब्यात बुडवला आणि पट्ट्याच्या टोकापुढे भिंतीवर दाबून धरला.

"इथून पुढे माझं," ती म्हणाली. "तसूभरही पुढे यायचं नाही."

भिंत गार होती. मग ती आतून रेटू लागली.

सूनबाईने पाय रोवले. दंड भरून आला. घाबरली होती ती, चांगलीच घाबरली होती. पण हात काढला नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. रेटा थांबला.

सकाळी घरभरचा पट्टा नाहीसा झाला होता. सगळ्या भिंती गडद, एकसारख्या. नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

शिवणयंत्राजवळ तेवढा तिचा ठसा राहिला होता. चारकोलची पाच बोटं, आणि त्यांच्या फटींत घट्ट अडकवलेली, क्रीम रंगाची चार.