चौथा माणूस

चौघांनी मिळून उचललेलं ओझं जगाच्या अंतापर्यंत खाली पडत नाही, असं होल्टेनबेकचे पाद्री दर बाप्तिस्म्याला जरा अडखळत सांगत आणि सांगताना शेजारच्या काशाच्या कुंडावर थाप मारत. सातशे वर्षांचं ते कुंड काशाच्याच चार माणसांनी हात वर करून तोललेलं होतं. म्हणजे तिघांनी. चौथ्या कोपऱ्यात विटा होत्या.

चौथ्याला स्वीडिश शिपायांनी पळवलं, अशी गावाची पक्की समजूत होती. ते शिपाई गावातून गेल्याला तीनशे वर्षं झाली होती, त्यामुळे नाही म्हणायला कुणी येणार नव्हतं.

अशा गावात ऑक्टोबरच्या एका भुरभुरत्या दुपारी टिलमान सायकलवरून उतरला, हिनरिखच्या खानावळीत शिरला आणि उंबऱ्यातच ठेचकाळून पडला — थेट हिनरिखच्या मुलीच्या, विबकेच्या पायाशी. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून तिथे गुडघाभर उंचीचा एक हिरवा बाहुला ठेवलेला असे.

"मोइन," विबकेनं तिकडचा नमस्कार केला. तिच्या हातात उकडलेल्या बटाट्यांचं ताट होतं. एकही बटाटा सांडला नाही. "आमच्याकडे लोक आधी पितात, मग पडतात."

"मला जरा घाई आहे," तो जमिनीवरूनच म्हणाला.

गावोगावच्या चर्चमधली जुनी कुंडं बघून त्यांची नोंद करायला शहरातल्या कचेरीनं त्याला पाठवलं होतं.

"कुंडं मोजायला सरकार माणूस पाठवतं?" हिनरिखनं विचारलं. "आमचं एक आहे. झालं मोजून. बसा पाहुणे, जेवा."

चर्चची किल्ली खानावळीतल्या खिळ्याला असे. दुसऱ्या दिवशी विबके ती घेऊन गेली आणि परत यायचं विसरली. तिचा बाप्तिस्मा याच कुंडात झाला होता, पण त्याच्याकडे तिनं कधी धड पाहिलं नव्हतं. आता एक माणूस बॅटरी घेऊन त्याच्याखाली उताणा पडला होता... आणि तिलाही एकाएकी खाली काय आहे ते बघावंसं वाटू लागलं.

"या काशाच्या माणसाच्या नाकाला काय झालं?" खालून आवाज आला.

"लग्न ठरावं म्हणून मुली चोळतात."

"आणि चोळल्यावर काय होतं?"

"नाक झिजतं."

"तुम्ही चोळलंत?"

"माझ्या हातात नेहमी ताट असतं," विबके म्हणाली.

तो बाहेर आला. केसांत कोळ्याचं जाळं, गालावर धूळ. त्यानं कुंडाच्या काठावर बोटानं हलकेच टिचकी मारली. "घंटा ओतणाऱ्यांनीच हे ओतलंय. उलटी घंटाच ही. कान लावा ना."

तिनं कान लावला. पलीकडून त्यानंही लावला. एक बारीक, गोड नाद काशातून निघाला, तिच्या गालातून दातांपर्यंत गेला... आणि मग कुठे गेला कुणास ठाऊक. नाद थांबला तरी दोघांपैकी कुणी मान वर केली नाही.

संध्याकाळी त्यानं तिघांचं चित्र तिला दाखवलं. आखूड डगला, कमरेला गाठीचा पट्टा, वर केलेले हात.

"चौथा कसा असेल हो?" तो म्हणाला. "हसरा की रागावलेला? तेवढं कळलं की माझं इथलं काम संपलं."

विबके त्या गाठीकडे बघत राहिली. दर वसंतात दाराला रंग दिला की उरलेला हिरवा रंग ती स्वतः अशाच गाठीवर फासत आली होती. सांगायला तिनं तोंड उघडलं. मग 'काम संपलं' हे शब्द कानातून आत उतरले.

"शेजारच्या मेटा काकूंच्या खुराड्यात बघितलंत?" ती म्हणाली.

मग खुराडं झालं. विहीर झाली. चर्चचा पोटमाळा झाला, तिथे एकाच रेनकोटखाली बसून दोघांनी बकव्हीटच्या पिठाची धिरडी खाल्ली, कारण कौलं गळत होती. रोज संध्याकाळी टिलमान हिरव्या बाहुल्यावरून जपून पाय टाकत आत येई आणि म्हणे, "आज नाही सापडला. उद्या कुठे?"

शनिवारी हिनरिखनं फोन ठेवला आणि म्हणाला, "पाहुणे, तुमच्या साहेबांचा फोन. सोमवारी हजर व्हा म्हणाले. चौथा नसेल तर 'विटा' लिहा आणि निघा."

टिलमाननं केल नावाच्या पालेभाजीत चमचा फिरवला. "लिहितो," तो म्हणाला, आणि विबकेकडे पाहिलं.

म्हणजे लपवूनही तो जाणारच होता. वर, त्या चौथ्याच्या नावापुढे कायमच्या विटा.

रविवारी प्रार्थना आटोपून लोक घरी गेल्यावर विबकेनं बाहुला ढकलगाडीत घातला, वर ॲप्रन टाकला आणि चर्च गाठलं. टिलमान सामान आवरत होता.

"हा चौथा," तिनं ॲप्रन काढला. "आमच्या दारात होता. तुम्ही चित्र दाखवलंत ना, तेव्हाच मला... पण मी बोलले नाही."

तो अजिबात दचकला नाही. "मला त्याआधीच कळलं होतं."

"काय?"

"मी पडलो ना त्याच्यावर! त्याच्या गुडघ्याचा रंग उडालाय बघा. आत काशाचा पिवळेपणा दिसतो."

"आणि खुराडं? मेटा काकूंच्या कोंबड्यानं चोच मारली तुम्हाला!"

"दोनदा."

"तरी गप्प बसलात?"

"चौथा सापडला असता तर मला जावं लागलं असतं," टिलमान म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तू का गप्प बसलीस?"

'तू' त्याच्या तोंडून निसटला होता — तो परत घ्यायचं कुणाच्या मनात नव्हतं. विबके कुंडाजवळ गेली आणि तिनं झिजलेल्या नाकावर अंगठा फिरवला.

"हे काय?"

"आज हात रिकामा आहे," ती म्हणाली.

सोमवारी टिलमाननं फोन केला. "साहेब, सापडला. पण हिरवा आहे... हो, हिरवा. रंग सावकाश काढावा लागेल... वसंतापर्यंत, साहेब."

रंगाखालचा चेहरा हसरा नव्हता, रागावलेलाही नव्हता. बाकीच्या तिघांपेक्षा ताजातवाना होता, इतकंच, सुट्टीवरून आल्यासारखा. कुंड उचलून त्याला खाली सरकवायला खानावळीतले चौघे लागले. मे महिन्यात त्याच्यासमोर लग्न झालं आणि पाद्र्यांनी चौघांच्या ओझ्याचं वाक्य प्रथमच न अडखळता म्हटलं.

निघालेल्या विटा हिनरिखनं खानावळीच्या दाराला लावल्या. दार आपटत नाही.